लेकीचा काचेचा धातू आणि दगडोबाची भट्टी

औंढा नागनाथ,
१२ मे २००४

मेहुणे रत्नपालराव यांना अमृतरावाचा पुण्यापर्यंत ऐकू जाईल असा कडक जयभीम. गुडघा कसा आहे? तुमच्या ताईचा रक्तदाब बराबर आहे. माझा मात्र आकांक्षाच्या अभिमानानं चढलेला आहे.

तुमची भाची कशात संशोधन करून राहिली, माहीत आहे का? धातूच्या काचेत! (चकचकीत पट्टी असते. आरपार काही दिसत नाही, मी डोळा लावून पाहिलं.) वितळलेला धातू इतक्या झटक्यात थंड करायचा, की आतल्या अणूंना रांग लावायला सवडच मिळत नाही. रांग नाही म्हणूनच तो पोलादाहून ताकदवान! मी तीस वर्षं शाळेत पी.टी. घेतली, रांगेपायी पोरांना छड्या दिल्या, आणि माझीच लेक मला हे शिकवते. छाती फुगणार नाही तर काय!

सुट्टी संपवून ती पुण्याला गेली आणि पट्टी इथंच विसरली. फोन आला, एकच नमुना आहे, वीस तारखेला सरांना दाखवायचा आहे, मामाकडं पाठवा. पाठवणारच होतो हो. पण आधी गावाला दाखवू नको? सायकलच्या बेरिंगची गोळी पट्टीवर टाकली, तर टणटण उड्या मारतच राहिली. विळ्यानं ओरखडा उठेना. वाकवून सोडली की पुन्हा सरळ. मी सांगितलं, याच्या ऑपरेशनच्या सुऱ्या होतील, आणि याच जातीच्या पातळ पट्ट्या डीपीत, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरात, घातल्या तर वीज कमी वाया जाते. लगेच शेजारची मोतीबाई म्हणाली, "मग आपल्या डीपीत काहून न्हाई घालत?" (आपली डीपी तीन महिने जळून पडली आहे.)

तेवढ्यात दगडोबा लोहार म्हणाला, "गुरुजी, भट्टीत गेल्याबिगर मी कशालाच धातू म्हणत न्हाई." आता लेकीच्या इज्जतीचा सवाल! तापवला की लाखेवानी मऊ होतो, हे तिनं मला कागदावर लिहून दिलं होतं. दगडोबानं लालबुंद करून घण घातला आणि झाले तीन तुकडे. मग मी कागद उलटून पाहिला. फार तापवला तर अणू रांगेत उभे राहतात आणि धातू ठिसूळ होतो, हे कागदाच्या मागल्या बाजूला होतं.

बाकी सर्व ठीक.

आपला,
अमृतराव

ता.क. सोबतच्या डबीत कापूस घालून तुकडे पाठवले आहेत. एसटीत दबून तुटले, असं आकांक्षाला सांगा. मामाचं ती ऐकते.

दुसरा ता.क. नको, तसं सांगू नका. तुटलेली कड पाहिल्याबरोबर तिला कळेल, एवढी हुशार आहे पोरगी. खरंच सांगा. रागावली तर मला कळवू नका. रडली तर मात्र लगेच फोन करा, मी निघतो.