साहेबांना केलेला नमस्कार

रविवार, १२ जुलै २०१५, यिशुन

आज लेकीच्या, मीनलच्या लग्नाची बोलणी करायला बुओना व्हिस्टाला गेलो, होणाऱ्या जावयाच्या, रोहनच्या घरच्यांच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर. दारात चपला काढल्या. समोर भिंतीवर मोठी तसबीर, खाली पितळी समई. चष्मा खिशात. देव समजून हात जोडले, डोळेही मिटले. गावापासूनची सवय.

डोळे उघडले तर रोहन खो खो हसत होता. "अंकल, ते देव नाहीत! गोरे साहेब आहेत, पत्ते खेळतायत!"

चष्मा लावला. जलरंगातलं चित्र, विलायतेतल्या कुठल्याशा बड्या घरातली मेजवानी, मधे पत्त्यांचा डाव. पांढऱ्या हातमोज्यांची एक बाई माझ्याकडेच बघून हसत होती. समई शोभेची, तिच्यात वातसुद्धा नव्हती.

"आता प्रसाद घ्या," म्हणून रोहनने केकची बशी पुढे केली. चहा संपेपर्यंत तेच चालू. त्याची आई "पुरे रे" म्हणाली, तीही हसतच. मीही हसलो. का हसलो? फक्त मीनल हसली नाही. माझी लाज वाटली असेल तिला?

परतताना एमआरटीच्या गाडीत मीनल शेजारी बसली. माझ्या डोळ्यांपुढे ती हातमोजेवाली. शेवटी म्हणालो, "चुकलं गं माझं."

"तुमचं काय चुकलं, बाबा? तो कधी थांबतो, मी वेट करत होते. थांबलाच नाही."

घरी येऊन देवापुढे दिवा लावला. मीनल आत, दार लावून रोहनशी फोनवर बोलते आहे. हात जोडले, पण हे लग्न होऊ दे म्हणू की नको, तेच ठरेना. नुसताच उभा राहिलो.