बागेच्या कडेचा बांध

अण्णा, आमच्या सोसायटीत माझा सत्कार झाला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर आमच्या अध्यक्ष सरदारजींनी माझ्या गळ्यात सिरोपा घातला, म्हणजे आपल्याकडची शाल समजा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी माइक हातात घेऊन म्हणाले, "ये सब मुझे मेरे पिताजी ने सिखाया है." तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, आणि इतक्या लांब चंदीगडला चारचौघांत तुमचा उल्लेख झाला, तर ऊर भरून यायला हवा होता. मला मात्र मान वर करवेना. का, ते तुम्हाला सांगायचं आहे. अवघड जागा आली की विषय बदलायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, तेवढी या वेळी चालू देऊ नका.

तुमचे जावई लष्करातून निवृत्त झाले तेव्हा आम्ही इथेच फ्लॅट घेतला, शहराच्या अगदी कडेला, चोच्या काठावर. चो म्हणजे इकडचा पावसाळी ओढा. एरवी कोरडा ठणठणीत, मुलं त्यात क्रिकेट खेळतात, नवीन माणसाला तो ओढा आहे हे सांगावं लागतं. तुम्ही आला असता तर गॅलरीत उभं राहून आधी हेच विचारलं असतंत, की याचं अर्धं पात्र गेलं कुठे. ते आमच्या पार्किंगखाली आहे, अण्णा. इथला पूर आपल्या कृष्णेसारखा नसतो. आपल्याकडे पाणी दिवसदिवस चढत राहायचं, माणसाला भांडीकुंडी हलवायला सवड द्यायचं. इथे ढग शिवालिकच्या डोंगरांना अडतात आणि तिथे झोडपून काढतात, आणि डोंगर तरी कसले, भुसभुशीत मातीचे. शहरात पाऊस उघडलेला असतो, लोक पकोडे तळायला घेतात, तेवढ्यात वरचं गढूळ पाणी उतरतं. त्यात शहराचं पाणी मिळतं, कारण सगळीकडे सिमेंट आणि डांबर, मुरायला जागा नाही. शहराच्या वरच्या अंगाला तलाव आहे, तो भरला की त्याचे दरवाजे उघडावे लागतात. हे सगळं एकदम आलं की चो काठ सोडतो. आमची बाग सखल आहे, तिथे तो पसरायचा, मग पार्किंगमध्ये शिरायचा, गाड्या बुडायच्या आणि पुढे आठवडाभर भांडणं चालायची.

पावसाळ्यात तुमचं जेवण कधी वेळेवर झालेलं मला आठवत नाही. तुम्ही पाटबंधारे खात्यात, आपली वसाहत धरणाच्या पायथ्याशी. दरवाजे उचलायचे ठरले की भोंगा वाजायचा, तरी तुम्ही फोनला चिकटलेले. नदीकाठच्या एकेका गावच्या पोलीस पाटलाला स्वतः सांगायचं, आणि "उठवलं सगळ्यांना" असं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या झाकून बसली आहे, मी शाळेतून येऊन भुकेनं कावले आहे, आणि म्हणते, "भोंगा वाजला की, अण्णा. ऐकला असंल त्यांनी." तुम्ही फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघता. "वाजवला म्हणजे सांगितलं झालं होय गं? खालच्याला न सांगता सोडलेलं पाणी म्हणजे मागनं मारलेला धोंडा, कळलं का?" मला कळलं नव्हतं, नुसता राग आला होता. वसाहतीत पाणी शिरू नये म्हणून पोती कशी रचायची, तेही तुम्हीच दाखवलंत. ते मी आवडीनं शिकले, कारण त्यात लगेच काहीतरी उभं राहिलेलं दिसायचं.

यंदा जुलैत तसाच पाऊस लागला. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, तलावाचे दरवाजे उघडणार आहेत, चोकाठच्यांनी सावध राहावं. वरचा निरोप वेळेवर आला होता, हे लक्षात घ्या. मी खाली उतरले तर कमिटीची मंडळी बागेत उभी राहून एकमेकांवर ओरडत होती. मातीची पोती आणली होती, पण गच्च भरून, तोंडं आवळून, कशीही टाकलेली. मला राहवलं नाही. पोतं अर्ध्याहून थोडंच जास्त भरा म्हणजे ते बसतं, तोंड दुमडून अंगाखाली घ्या, विटांसारखं, खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर वरचं पोतं येईल असं रचा, असं मी सांगत सुटले. सरदारजी म्हणाले, "ओ जी मॅडम, आप तो पक्के इंजिनियर निकले!" जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला हे ऐकून काय चढलं असेल, विचारू नका. फाटकापाशी एक जोडपं इस्त्रीचं टेबल लावतं. त्यातल्या नवऱ्यानं सगळ्यात जास्त पोती उचलली. "भैया, और टाइट," मी म्हणायची आणि तो गुडघ्यानं पोतं दाबून बसवायचा. त्यांचं घर चोच्याच काठाला, आमच्या कुंपणापलीकडच्या उतारावरच्या गल्लीत. त्याची बायको कपड्यांचं गाठोडं घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम जी, आज कपड़े घर ले जाऊँ या यहीं गार्ड के पास रख दूँ?" मी मागे वळूनही न बघता म्हणाले, "घर ले जाओ, यहाँ भीग जाएँगे." बागेत येणारं पाणी आपण अडवलं तर ते जाईल कुठे, हा प्रश्न मला त्या गडबडीत पडलाच नाही, असं लिहिणार होते. पडला होता. ती गाठोडं घेऊन निघाल्यावर तिच्या पाठीकडे बघताना स्पष्ट पडला होता. आणि मी मनात म्हटलं, बघू, आधी आपलं.

दुपारी पाणी आलं. बांध तसूभर हलला नाही. लोक गॅलऱ्यांतून व्हिडिओ काढत होते, शिट्ट्या मारत होते. तुमचा नातू मराठी सगळं समजतो पण उत्तर हिंदीत देतो, त्यानं व्हिडिओ बघून फोन केला, "मम्मा, आप तो छा गए यार!" मी हसले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं टेबल लागलं नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघून मी त्या गल्लीत गेले, आणि एवढ्या वर्षांत तिथे पहिल्यांदाच गेले. घरांच्या भिंतींवर माझ्या कमरेएवढी ओली रेघ होती, दारादारात लोक चिखल उपसत होते. तिनं मला पाहिलं आणि हातातलं घमेलं टाकून धावत आली. मला वाटलं, आता ही बोलेल, आणि बोललीच पाहिजे. ती हात जोडून म्हणाली, "मॅडम जी, माफ करना. सबके कपड़े खाट के ऊपर चढ़ा दिए थे, आपकी सिल्क की साड़ी नीचे रह गई. मिट्टी लग गई." खाटेवर आमच्या सोसायटीचे कपडे होते, सुके. तिची अंथरुणं, पोरीचं दप्तर, गव्हाचा डबा, सगळं चिखलात होतं. नवरा मागे उभा होता, म्हणाला, "पता नहीं जी, इस बार पानी इधर कैसे मुड़ गया, पहले तो कभी नहीं आया." आणि मी, तुमची मुलगी, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कोई बात नहीं." मी तिला माफ केलं, अण्णा. ज्या बांधानं त्यांचं घर बुडवलं तो त्यानं माझ्या सांगण्यावरून गुडघ्यानं दाबून बसवला होता, आणि मी त्याच्या बायकोला साडीसाठी माफ करून घरी आले. त्यानंतर मी सिरोपाही घेतला.

मग कमिटीनं ठरवलं की पोत्यांच्या जागी काँक्रीटची पक्की भिंत बांधायची, रेघ कुठे आखायची ते मॅडम सांगतील. त्या सभेत मी खरं बोलणार होते. घरून निघताना दोनदा वाक्यं म्हणून बघितली, हिंदीतच. उभी राहिले, समोर ओळखीचे चेहरे, सगळे कौतुकानं बघताहेत, आणि माझ्या तोंडून निघालं की भिंत सलग बांधली तर पाण्याचा दाब आपल्याच पायावर येईल, बेसमेंटला तडे जातील, म्हणून बागेपाशी जागा मोकळी सोडायला हवी. त्या तड्यांबद्दल मला काहीही माहीत नाही. मी ते तिथल्या तिथे रचलं. कुणीतरी म्हणालं, "फिर तो पार्क डूबेगा." सरदारजी म्हणाले, "डूबने दो जी, मॅडम को पता है." पार्किंगपुरती भिंत आणि बाग चोला मोकळी, असा ठराव झाला. म्हणजे पुढच्या वर्षी त्या गल्लीत आमचं पाणी जाणार नाही. हे मी केलं, आणि याचं समाधान आहेच. पण आमच्या बांधामुळे खालची घरं बुडाली हे वाक्य त्या खोलीत कुणी उच्चारलं नाही. ज्यांना ते आपणहून सुचायला हवं होतं त्यांनाही सुचलं नाही, आणि जिला ठाऊक होतं ती तड्यांवर बोलत होती. गल्लीतल्या लोकांच्या भल्यासाठी खोटं बोलले असं मी तुमच्या जावयांना सांगितलं. ते चहा करायला उठले.

काल इस्त्रीवाली ती साडी घेऊन आली. कुठे कुठे धुऊन आणली होती, डाग जवळजवळ गेलेत. जाताना दारात थांबून म्हणाली, "मॅडम जी, आपको तो पहले से पता चल जाता है. अगली बार हमें भी बोल देना." मी म्हटलं, "पक्का." तेव्हा तरी सांगता आलं असतं. ती जिना उतरून जाईपर्यंत मी दार धरून उभी होते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच हात चालतो आहे. खरं सांगू का, अण्णा? तुम्ही असता तर हे तुमच्यापर्यंतही पोचू दिलं नसतं. रविवारी फोन केला असता आणि म्हटलं असतं, पाऊस फार झाला इकडे, पण आमच्याकडे सगळं ठीक आहे.