रविवारचा कुआमे

३ जुलै २०१९, बुधवार

सीमेवरच्या आमच्या नाक्यावर पोस्टर लागलं एकदाचं. राजधानीतून एक कोटवाला आला, तासभर बोलला — पंधरा देश, एक करार, नव्वद दिवस कुणीही कुठेही जावं, विनाकारण अडवलंत तर मानवी हक्कांचा भंग. आम्ही माना डोलावल्या. तो गेल्यावर नाक्याचे प्रमुख डांक्वासाहेब यांनी पोस्टर नेमकं स्वतःच्या टेबलामागे लावलं. त्याच टेबलाच्या खणात दिवसभर 'पाण्याला काहीतरी' म्हणून नोटा पडत असतात. पूल ओलांडून येणारा माणूस आधी आपले हक्क वाचतो, मग खिशात हात घालतो.

मी घेत नाही. सहा वर्षं झाली. म्हणून नाक्यावर माझं नाव 'पाद्रीणबाई'. म्हणोत.

४ जुलै, गुरुवार

आज एक पकडला. आणि कसा पकडला! मशीन नको, काही नको.

नदीपलीकडचा, बाउले जमातीचा. ओळखपत्राच्या कार्डाखाली नोट घडी करून ठेवलेली. ती मी त्याच्या अंगावर परत फेकली. तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. म्हणाला, "बाई, घाई आहे. बायको इकडची, माहेरी आली होती, तिथेच गेली. शनिवारी पुरायचंय. सहा वर्षांची पोर आहे, तिला घेऊन यायचंय." रोज दहा जण कुणाला तरी पुरायला येतात.

मग कार्ड नीट पाहिलं. नाव कुआमे. जन्म १४ जून १९८७. मोबाइलात वार काढला — रविवार! आमच्याकडे पोर ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला जन्मभर चिकटतं. शनिवारचा मुलगा क्वामे, पलीकडचे त्यालाच कुआमे म्हणतात; शनिवारची मुलगी अमा. मी अमा. दुसऱ्या कशात आमचा माणूस चुकेल, पण वारात नाही.

म्हटलं, "शनिवारचं नाव लावून रविवारी जन्मलास होय रे? कार्ड करणाऱ्याला कॅलेंडर तरी द्यायचंस."

तो म्हणाला, "बाई, आमच्याकडे कुआमे रविवारचाच."

खोटं बोलणारा प्रत्येक जण 'आमच्याकडे' म्हणूनच सुरुवात करतो. बनावट कागद असा शेरा मारला आणि पोलिसांच्या ताब्यात दिला.

६ जुलै, शनिवार

आज त्याच्या बायकोला पुरलं असेल. असलीच बायको तर.

८ जुलै, सोमवार

डांक्वासाहेबांनी माझा शेरा वर पाठवला होता. राजधानीतून फोन! ही वाराची युक्ती सगळ्या नाक्यांना कळवणार म्हणे. माझं नाव बढतीसाठी जाणार. साहेबांनी सगळ्यांना थंड पाजलं, वर म्हणाले, "पाद्रीणबाईंनी पाण्याचे पैसे न घेता पाणी दाखवलं." हसले सगळे. मीसुद्धा हसले. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

११ जुलै, गुरुवार

नाक्याजवळ अमोईनच्या खाणावळीत जेवायला बसले. पलीकडची बाउले बाई, चार वर्षं तिच्याच हातचा कसावाच्या कंदाचा रवा आणि तळलेला मासा खातेय. सहज विचारलं, "अमोईन, तुझा वार कुठला गं?"

"रविवार."

"रविवारची तर आमच्याकडे अकोसुआ. अमोईन म्हणजे माझ्यासारखी शनिवारची ना?"

"तुमच्याकडे शनिवारची. आमच्यात सगळी नावं एक वार पुढे. कुआसी सोमवारचा, कुआमे-अमोईन रविवारचे. आजी सांगायची, नदी ओलांडून पळून आलो तेव्हा एक दिवस मोजायचा राहिला." मग माशाचा काटा काढत म्हणाली, "किंवा तुमचाच मोजायचा राहिला असेल. तुम्हाला कोण सांगणार? तुमच्या हातात शिक्का."

पैसे ठेवले आणि उठले. ती मागून ओरडली, "अगं, मासा तसाच टाकलास!"

चार वर्षं. रोज तिच्यासमोर बसत होते आणि कधी विचारलं नाही.

१२ जुलै, शुक्रवार

साहेबांना सांगितलं. शेरा मागे घेते म्हटलं. दार लावून घेतलं त्यांनी. "वर कौतुक झालंय, पत्रक निघालंय. आता चूक म्हणालीस तर ती तुझी राहत नाही, खात्याची होते. सोमवारी बावीसला कोर्ट आहे, तिथे काय ते ठरेल. तू तोंड बंद ठेव."

आणि खरं सांगू? साहेबांच्या टेबलावर गेला असता तर खणात नोट टाकून पाच मिनिटांत सुटला असता. शनिवारी बायकोच्या कबरीपाशी उभा असता. माझ्या टेबलावर आला म्हणून आत आहे. सहा वर्षांचा प्रामाणिकपणा आणि त्यातून उगवलं काय, तर हे. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातात.

१५ जुलै, सोमवार

कोठडीवर गेले. शिव्या देईल म्हणून मनाची तयारी केली होती. त्याने विचारलं, "पुरलं का हो तिला?" मला माहीत नव्हतं.

सासरचे आता म्हणणार, बाप मातीलाही आला नाही, पोर आता आमची. त्याला शिक्षा झाली तर आधी तुरुंग, मग हद्दपारी. मग पोर गेलीच. हे त्याने अगदी सावकाश सांगितलं. मला कमी समजतं असं वाटलं असावं त्याला.

'चूक माझी आहे' एवढं तोंडातून निघालं नाही. केळी ठेवली आणि आले. भित्री कुठली.

१७ जुलै

बढतीचे कागद आले. भरले नाहीत. फाडलेही नाहीत.

१९ जुलै, शुक्रवार

बढतीच्या अर्जाला जन्मदाखला लागतो. पत्र्याच्या पेटीतून काढला. अमा न्यामेके, ९ मार्च १९९०. अर्जात तारीख लिहिली आणि बोट आपोआप मोबाइलवर गेलं. सवय.

शुक्रवार.

दोनदा पाहिलं. मग आईला फोन लावला. "आई, मी कुठल्या वारी झाले?"

"शनिवारी. बाजाराचा दिवस होता, सुईण बाजारातून धरून आणली. अमा काय उगाच ठेवलं?"

"मग दाखल्यावर शुक्रवार कसा?"

"तो होय? शाळेत घालताना मास्तरांनी घातली तारीख. म्हणाले, साल-महिना कळतोय ना, दिवस मी टाकतो. गावातल्या सगळ्या पोरांना त्यांनीच टाकले. का गं? काय झालं?"

काही नाही म्हटलं.

माझ्या पत्रकाने गावातली अर्धी पोरं बनावट ठरतील. पहिली मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दिवसभर स्वतःचीच लाज वाटत होती, आणि एकदा हसूही आलं.

२२ जुलै, सोमवार

साक्षीला उभी राहिले तेव्हा न्यायाधीशांनी माझं नाव आणि जन्मतारीख विचारली. सांगितली. मग माझा दाखला कुआमेच्या कार्डाशेजारी ठेवला आणि म्हटलं, "साहेब, माझ्या नियमाने हासुद्धा बनावट आहे. याला आत ठेवायचं तर आधी मला टाका." मग अमोईनने सांगितलेलं सगळं सांगितलं.

डांक्वासाहेब उठून बाहेर गेले. कुआमे सुटला. माझ्याकडे न बघता पोरीच्या गावाची गाडी धरायला पळाला.

माझा दाखला कोर्टाने ठेवून घेतला. चौकशी होईपर्यंत.