आठवा थ्रेड

२ जानेवारी २००६, पिपरी मेघे
आज रुजू झालो. बासष्टाव्या वर्षी नवी नोकरी, आणि तीही बंडूजीच्या शब्दाखातर. देवळीच्या शाळेत आम्ही एका बाकावर. कवितेचा तास आला की तो चाल धरायचा, मी शब्द पुरवायचो. तीस वर्षं हैदराबादला संगणकांत घालवून परतलो, तर स्टेशनवर हाच उभा. केस तेवढे गेलेले. ऑफिस म्हणजे चार टेबलं आणि खिडकीत शेवग्याचं झाड. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांना यंत्रं चालवणारे प्रोग्राम बंडूजी पुरवतो. माझं टेबल पुसता पुसता ऑफिसातल्या फायली सांभाळणारी रक्षा म्हणाली, काका, या टेबलावर कोणी टिकत नाई, तुमी टिकजा. मी हसलो. शेवग्याला फुलं आली आहेत, आणि चौथीतली एक कविता दिवसभर ओठांवर आहे.

४ जानेवारी
काम माझ्या वयाला शोभणारं आहे: जुनं जपायचं. प्रोग्राम एकाच वेळी अनेक कामं करतो, त्यातल्या प्रत्येक धारेला थ्रेड म्हणतात. सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीत, म्हणजे सगळे प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या साठ्यात, हे थ्रेड सांभाळायची जुनी रीत अशी, की प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक, वर्गातल्या हजेरीसारखा. नव्या रीतीत सगळ्यांचा मिळून एकच. लायब्ररीवाले आता जुन्याचा आधार काढून टाकताहेत, आणि देवळीच्या कारखान्याचा प्रोग्राम तर जुन्यावरच उभा आहे. त्यात मुख्य आणि व्यवस्थापक धरून सात थ्रेड. सातव्याचं काम एकच. रुई दाबणाऱ्या प्रेसचं लाल बटण कुणी दाबलं की त्याच्या क्रमांकावर निरोप जातो, आणि तो प्रेस थांबवतो. त्याला स्वतःचा क्रमांकच नसला, तर निरोप भलताच कुणीतरी घेईल आणि प्रेसच्या, रुई भरायच्या पेटीत उतरलेला माणूस आतच राहील. म्हणून लायब्ररीत जुना आधार मी पुन्हा बसवतो आहे. त्या प्रोग्रामची प्रत इथल्या संगणकावर चालवून रोज सकाळी मास्तरांसारखी हजेरी घेतो. सातही हजर.

९ जानेवारी
आज हजेरीत आठ. आठवा मी सुरू केलेला नाही, मूळ प्रोग्राममध्येही नाही. बंद केला. चहा पिऊन आलो, तर त्याच क्रमांकावर परत येऊन बसलेला. बंडूजी म्हणाला, मोजायले चुकून राह्यला तू, बबन, चौथीतही पाढे चुकवे. खरंच चुकायचो. पुन्हा मोजले. आठच.

१३ जानेवारी, देवळी
माझी लायब्ररी कारखान्यात बसवली. प्रेसवर जंगलू नावाचा माणूस आहे, कमी बोलणारा. रिकामी प्रेस चालवून मी बटण दाबलं. ती थांबली, पण बटणाने नाही, आपला दाब पुरा करून. नोंद पाहिली. निरोप सातव्याला पोचलाच नव्हता, तो आठव्याने घेतला होता. जंगलूने पाण्याचा ग्लास देत सहज विचारलं, श्रावणच्या जागेवर आले का तुमी? मग त्याने सांगितलं. मागच्या हंगामात बंडूजीने श्रावणला नवीन लायब्ररी न तपासता बसवायला लावली. त्याच दिवशी श्रावण अडकलेली रुई काढायला पेटीत उतरला. जंगलूने बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. प्रेस थांबली नाही. श्रावण माझ्याच टेबलावर बसायचा. बंडूजी मला यातलं एक अक्षर बोलला नव्हता.

१५ जानेवारी
आठवा कधी सुरू झाला ते यादीत दिसतं. ११ मार्च २००५, दुपारी ३:४०. त्यानंतर यंत्र शंभर वेळा बंद होऊन चालू झालं आहे. रक्षाला श्रावण गेला ती तारीख विचारली. ती उठून बाहेर गेली. मग दारातूनच सांगितली, वेळेसकट.
तीच.

१६ जानेवारी
आठवा हे मुद्दाम करत नसावा. थांबायचा निरोप त्याच्यापर्यंत कधी आलाच नाही. आता येईल तो निरोप तो आपला म्हणून घेतो. घेतो, आणि प्रेस काही थांबवत नाही —

१८ जानेवारी
रक्षाने एक फाइल माझ्यापुढे सरकवली. जुना आधार तपासला, बटण सुरक्षित आहे, असा दाखला. खाली माझी सही. तारीख २० डिसेंबर. तेव्हा मी हैदराबादला पुस्तकांची खोकी बांधत होतो. माझ्या नावातला ‘ब’ असा पोट फुगवून एकच माणूस काढतो, पहिलीपासून.

१९ जानेवारी
विचारलं. बंडूजीने नाकारलं नाही. शेवग्याकडे बघत म्हणाला, तो श्रावण एकटा हाय म्हणून छळते, बबन, जोडीले कोणी भेटलं का शांत होईन. निकेश माहा एकुलता एक पोरगा, तू नसता आला तं त्यालेच बसा लागत होतं त्या टेबलावर.
एका बाकावर बसलो होतो आम्ही.
निघून जावं. पण उद्या रुई अडकली की जंगलू पेटीत उतरणार, आणि बटण —

२० जानेवारी, देवळी
मुख्य स्विचची किल्ली बंडूजीच्या खिशात. मागितली. देत नाही.
हजेरी: नऊ. नवव्याची सुरुवात आज, ४:२५. घड्याळात ४:१९.
रुई अडकली. जंगलू आत. मी हाका मारतो, पंख्यांच्या आवाजात त्याला ऐकू —
४:२२. प्रेस आपोआप उतरू लागली. हळूहळू. बटण दाबलं. आठव्याने घेतलं. परत दाबलं. त्यानेच —
बंडूजी काचेपलीकडे उभा. पळत नाही, ओरडत नाही. माझी वाट बघतो आहे. जंगलूला ओढायला मी उतरणार हे त्याला ठाऊक आहे. पंचावन्न वर्षं ओळखतो मला, म्हणूनच तर —
वही खिडकीत ठेवतो. रक्षा, यादीत नववा दिसेल तो मी. ओळखीचा म्हणून माझ्यावर विसंबू —