तारेवरचे ठिपके

डिसेंबर १९७१, गुरुवार, संध्याकाळ

आज पुन्हा तारेच्या प्लास्टिकवर तपकिरी ठिपके. फौजेच्या टेलिफोनची तार ही. मी तारेवर प्लास्टिक चढवणाऱ्या मशीनचे हीटर कमी केले, मग बंदच केले. तरी आतला स्क्रू प्लास्टिकचा दाणा पुढे रेटत होता आणि दाणा जळतच होता! म्हणजे ही उष्णता घासण्याचीच. लढाई लागल्यापासून स्क्रू जोरात पळवून राहिलो आम्ही. काहून सुचलं नाही आधी?

वेग उतरवला. तार स्वच्छ आली, पण थोडी. फोरमन तिवारीजी चिडले, "भैया, ऊपर क्या जवाब दूँ?" मी कालची तार वाकवून दाखवली. प्लास्टिक ठिपक्यापाशीच तडकलं. मग तो तुकडा घेऊन ते वर दाखवायला गेले.

घरी आईनं रोजच्यासारखं विचारलं, "खूप तार निघाली ना रे आज?" धाकटा भाऊ फौजेत आहे, सीमेवर टेलिफोन सांभाळतो. जबलपूरची सगळी तार त्याच्याकडेच जाते, असं तिला वाटतं.

"कमीच निघाली. ठिपके येत होते, म्हणून मशीन हळू केली."

तिनं ताट वाढलं. वरण वाढताना म्हणाली, "हळूच चालव बाबा. त्याचं बोलणं मधेच तुटायला नको."