सगळ्या खाटांची एक नाडी

४ मार्च
आज रुजू झालो. रुग्णालयाने राहायला खोली दिली आहे; खिडकी मोठी, पलंग करकरता, चहा फुकट. काम माझ्या मनाजोगतं. खाटांशेजारी नाडी दाखवणारे संगणक दहा घरचे दहा आहेत. एकाची वायर दुसऱ्याला लागत नाही. ते काढून सगळीकडे एकाच बनावटीची यंत्रं बसवायची. याच मुद्द्यावर मी सभा गाजवल्या आहेत. ताईचं ऑपरेशनही इथेच झालंय. इंजिनिअरसाहेब, माझी वायर तेवढी जपून उपटा, म्हणाली आणि टाके दुखेपर्यंत हसली.

९ मार्च
नवी यंत्रं बसवून ताईचा वॉर्ड पूर्ण झाला. मेट्रनबाई कुरकुरल्या. म्हणाल्या, जुन्या यंत्रांत एकाचा आवाज किरकिरा, एकाचा घोगरा; पाठमोरं असतानाही कुठली खाट बोलावतेय ते कळायचं. आता सगळी पोरं एकाच गळ्यानं रडणार, आईनं धावायचं कुणाकडे? मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

१३ मार्च
यंत्रांच्या सगळ्या पडद्यांवर नाडीचा एकच आकडा. ठोकेही एकदमच पडतात. कोपऱ्यातल्या आजोबांना मेट्रनबाईंनी दुपारी हात लावला, तर ते गार पडले होते. पडदा मात्र झकास चालू. अधीक्षक म्हणाले, नवी यंत्रं आल्यापासून धोक्याची एकही घंटा नाही, तुम्हाला यश पचत नाही का? मी टेबलावर मूठ आपटली. माणूस मेला आणि या गृहस्थाला शांततेचं कौतुक.

१४ मार्च
डॉक्टर दारातूनच पडदे बघून पुढे जातात. नाडी हातानं बघा म्हटलं, तर म्हणे, या यंत्रांसाठी भाषणं तुमचीच ना? जुनी यंत्रं मागितली — भंगारात गेली. मेट्रनबाईंची बदली झाली. आजोबांच्या रिकाम्या खाटेचा पडदा अजून ठोके देतोय. लाज कशी वाटत नाही यांना?

१५ मार्च
त्या पडद्याची वायर उपटली. ठोके थांबले नाहीत. मला वॉर्डात बंदी. ताई सकाळपासून झोपलीय म्हणतात. पडदा उत्तम आहे म्हणतात. पडदा!

दुपारी
दार ढकलून आत आलो. ताईचा हात धरलाय — गार. ओरडलो. सगळे पडद्याकडे बघतात, म्हणतात सगळं ठीक — ठीक? तिची वायर उपटली — चालूच —
माझ्या कानशिलात ठोके — पडद्यांशी ठोक्याला ठोका —
एवढा संतापलोय, धावलोय, निदान माझा तरी ठोका चुकायला हवा — चुकत नाही — तोच सावकाश, तोच निरोगी, तोच