चाफ्याच्या पलीकडे

अम्मी, तुझी कबर सापडली. मी ती अजून जवळून पाहिलेली नाही. आपल्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत, हे तुला सांगायला नको. पण ती कुठे आहे ते आता नक्की ठाऊक आहे, आणि ते मी काढलं.

झालं असं, की खाडीचं पाणी आत शिरतं म्हणून मशिदीची जमात तिथे भराव घालणार आहे. आपल्या माणसाची जागा राखायची असेल त्यांनी जुम्म्याच्या आधी खूण लावायची, नंतर सगळं सपाट. तुझ्यावर नावाचा दगड नाही. अब्बांनी कडेला जांभ्याचे चार चिरे तेवढे बसवले होते, ते कधीच गवतात गेले. धाकटा कुवेतहून सुट्टीवर आलाय. तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ आपा, मला माहितीय. विहीर आणि चाफा, त्यांच्या मधोमध. अब्बांनीच फोनवर सांगितलेलं." अब्बा गेल्यापासून दर सुट्टीत तो तिथेच उभा राहून फातिहा पढत आलाय. नेमका कुठे, ते मी कधी विचारलं नव्हतं.

मला ते पटेना. कारण लहानपणी अब्बा मला बाहेर बुटक्या भिंतीशी उभी करून हात लांब करायचे: "विहीर बघ, तिच्या पुढं चाफा. विहिरीपासनं चाफा जितका लांब, तितकीच चाफ्याच्या पुढं तुझी अम्मी. सरळ रेषेत हाय." आत जाता येत नव्हतं, म्हणून मी ते पाठच करून टाकलं. मधोमध होता तो चाफा, तू नव्हेस. धाकट्याच्या डोक्यात ते उलटं बसलं होतं.

माझ्या दहावीच्या क्लासात पोरं हमखास इथेच घसरतात. एक टोक दिलेलं असतं, मध्यबिंदू दिलेला असतो, दुसरं टोक काढायचं. आणि ही दिलेल्या दोघांचाच मध्य काढून मोकळी होतात. मी ओरडते, अरे, मध्य दिलाय ना, मग त्याची दुप्पट करा आणि पहिलं टोक वजा करा. धाकट्यावर ओरडवेना. "एकदा मोजून बघूया," एवढंच म्हटलं.

काल मी भिंतीबाहेर आलेखाचा कागद घेऊन उभी आहे, आणि तो आतून टेप लावून आकडे सांगतोय. भिंतीचा कोपरा मी शून्य धरला. विहीर एका भिंतीच्या कडेने चार मीटर, दुसरीच्या कडेने सहा. चाफा तेरा आणि नऊ. तेराची दुप्पट सव्वीस, त्यातून चार गेले, बावीस. नवाची दुप्पट अठरा, त्यातून सहा गेले, बारा.

"बावीस, बारा," मी म्हटलं.

"तिथे नुसतं गवत आहे गं." पण गेला. कोयत्याने गवत कापत राहिला.

"आपा, चिरे आहेत."

खूण लावून तो बाहेर आला, चपला घातल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मग इतकी वर्षं मी कुणासमोर उभा होतो?" मी म्हटलं, दुआ काय पत्ता बघून पोचते का? तो म्हणाला, "तुला सोपं आहे बोलायला." आणि तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडला. मीही रडले.

बांगड्याचा मधला तुकडा नेहमी त्याच्या ताटात पडायचा, आणि मी तोंड वाकडं केलं की तू म्हणायचीस, "तो लहान हाय, गप जेव." पुढेही तुझ्याजवळ जायचं ते त्यानेच, मी आपली भिंतीबाहेर. मला ते लागायचं, अम्मी. भिंतीबाहेर उभी राहून काल पहिल्यांदा तुझा पत्ता त्याला मी सांगितला. हा कागद कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून लिहिते: चिरे आहेत असं तो म्हणाला तेव्हा मला फार आनंद झाला, आणि त्यात थोडासा तो चुकल्याचाही होता.